रिकाम्या जागेभोवतीचं वर्तुळ

कल्लारू, १२ ऑगस्ट

क्लेम,

तुझं ढुंगण माझ्या स्वयंपाकघरात टांगलंय.

सभ्य सुरुवात करावी म्हणून बरेच कागद फाडले, शेवटी खरं तेच लिहिलं. यारंबीच्या ओपल रत्नांच्या खाणवाल्यांनी विमानी दवाखान्याच्या मदतीसाठी स्वतःचे उघडे फोटो छापून जे कॅलेंडर काढलंय, ते इथं क्वीन्सलँडच्या या टोकालाही टपालकचेरीत विकायला आलं. ऑगस्टच्या पानावर तू खाणीच्या तोंडाशी पाठमोरा उभा आहेस. अंगावर टोपी आणि बूट, बाकी देवाची कृपा. टपालातली बाई म्हणाली, "कोरल, हा तुमच्यातलाच ना? ट्रेगेन्झांची पाठ लपत नाही." मी म्हटलं, "आमच्यातला होता."

भांडण उकरायला लिहीत नाहीये. ते पुरलेलंच नाही, मग उकरायचं काय? साखर कारखान्याच्या फाटकावर, संप मोडून आत शिरणाऱ्या तुला मी सगळ्यांदेखत 'खपली' म्हटलं. संपफोड्याला आपल्या भागात याहून घाण शिवी नाही आणि ती तुला सख्ख्या बहिणीनं दिली. तुझी बायको रोडा अंथरुणाला खिळलेली होती, घरात तान्हं मूल होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुझं कारण खरं होतं आणि माझा शब्दही खरा होता. मी तो परत घेत नाही. तशी आशाही धरू नकोस.

लिहितेय ते तुझ्या पाठीबद्दल.

डाव्या खवाट्याखाली तुझा तीळ होता. काळा, मनुक्याएवढा. आई सकाळी तुला उठवायला त्यावर बोट दाबायची आणि तोंडानं घंटी वाजवायची. तो फोटोत नाही. मी भिंग लावून पाहिलं. सावली नाही, छपाईची चूक नाही. ती जागा पांढुरकी आहे, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी.

तू म्हणशील, गेला तर बरंच झालं. मीही या एप्रिलपर्यंत तेच म्हटलं असतं.

आपल्या कामगार भवनात, झेंड्यांचं कपाट होतं तिथं आता कॅन्सरसाठी कातडी बघणारं यंत्र बसलंय. ते आणायचं ठरलं तेव्हा मी सभेत उठून बोलले. म्हटलं, ऊस तोडायचं यंत्र आणलं तेव्हाही मालक म्हणाले होते की माणसाची पाठ वाचेल. पाठ वाचली आणि माणूस रस्त्यावर आला! आता म्हणताहेत, कातडी वाचेल. ती कुणाच्या खिशात वाचणार ते आधी सांगा. टाळ्या पडल्या. मग शेवटच्या रांगेतून नर्स नेरिडा म्हणाली, "बोलून झालं असेल तर कपडे काढ, कोरल. पहिला नंबर तुझा लावलाय." सगळं भवन हसलं. पळून गेले असते तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

नुसत्या आतल्या कपड्यांवर उभं करतात. चारी बाजूंनी कॅमेरे. ते सगळे एकदम डोळा मिचकावतात आणि पडद्यावर मीच उभी असते. म्हणजे माझी बाहुली. तिला केस नाहीत, डोळ्यांच्या जागी राखाडी डाग आहेत, पण प्रत्येक तीळ, प्रत्येक ओरखडा जिथल्या तिथं. नेरिडानं बोट फिरवलं तशी ती हळूच वळली आणि तिनं मला माझी पाठ दाखवली. एवढ्या आयुष्यात मी माझी पाठ कधी पाहिली नव्हती. क्लेम, मला क्षणभर वाटलं की तीच खरी आणि मी तिच्या मागं उभी आहे.

यंत्र मागच्या तपासणीतली बाहुली आणि आताची बाहुली एकमेकींवर ठेवतं, आणि जे बदललंय त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढतं. एप्रिलमध्ये ऑसी पास्को गेला होता. आपल्या टोळीतला ऑसी, तुला विसरणं शक्य नाही. त्याच्या पोटरीवर यंत्रानं वर्तुळ काढलं. डॉक्टर प्रिडींनी वाकून पाहिलं. पोटरीवर काहीच नव्हतं.

"मग हे कशाला बोंबलतंय?" ऑसी म्हणाला.

"कळत नाही. कॅमेरा मळला असेल."

"माझी पहिली बायको दिसत असेल त्याला. लाथ मारायची तर नेमकी तिथंच."

कॅमेरा पुसला. ऑसीला पुन्हा उभं केलं. पुन्हा तिथंच, रिकाम्या कातडीवर, वर्तुळ. तेव्हा नेरिडानं जुनी बाहुली उघडली. तिच्या पोटरीवर त्या जागी काळपट डाग होता. ऑसीचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

डॉक्टर म्हणाले की कधी कधी शरीर असल्या डागाशी लढतं आणि कातडीवरचा डाग खाऊन टाकतं. पण त्याआधीच त्यातलं काही आत निसटलेलं असू शकतं. वरून सगळं स्वच्छ, आणि आत ते बसलेलं. ऑसीच्या जांघेत गाठ निघाली.

इथं ये. दोन दिवस. मला भेटू नकोस हवं तर, यंत्राला भेट.

कोरल


कल्लारू, ३१ ऑगस्ट

क्लेम,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर शेरा: 'या पत्त्यावर कोणी राहत नाही.' जो राहत नाही त्याचं अक्षर फारच ओळखीचं आहे रे. मागं रेललेलं, आळशी, शाळेत मास्तरांनी पट्टी मारूनही सरळ न झालेलं. शिवाय पाकीट उघडून परत चिकटवलंय आणि आतल्या बाजूला मातकट अंगठा उमटलाय. वाचलंस. एवढं मला पुरे.

पुढचं ऐक.

ऑसीनंतर यंत्रानं आणखी काहीजणांच्या रिकाम्या कातडीवर वर्तुळं काढली. गावानं त्याला 'भूत' नाव ठेवलंय. दारूच्या गुत्त्यात माणूस शिरला की विचारतात, "काय रे, तुला भूत दिसलं का?" आधी हसण्यावारी होतं. आता कुणी शर्ट काढून झोपत नाही म्हणे. कारखान्यातला रोखपाल आरशाला पाठ लावून तासन्‌तास उभा असतो, मान वळवून. काय शोधतोस विचारलं तर म्हणाला, "जे नाहीये ते."

तक्रारी ब्रिस्बेनला गेल्या. यंत्राच्या कंपनीनं माणूस पाठवला. गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यांतला. भवनात सभा घेऊन म्हणाला, "बहुतेक वेळा तीळ नुसता फिका पडलेला असतो. लोक उगाच घाबरतात, डॉक्टरांचा वेळ जातो. रिकाम्या जागेची सूचना आम्ही बंद करतोय. वाढलेले, बदललेले डाग ते दाखवत राहीलच."

मी विचारलं, "बहुतेक वेळा. आणि उरलेल्या वेळा?"

"बाई, कुठंतरी रेघ ओढावी लागते."

"ओढा ना. ऑसी तुमच्यासमोर बसलाय. त्याला सांगा, रेघेच्या कुठल्या बाजूला बसू ते."

ऑसी उठून म्हणाला, "मला खिडकीजवळची जागा द्या." पण या वेळी कुणी हसलं नाही.

मग मी बोलले, क्लेम. किती वर्षांनी तसं बोलले. म्हटलं, हे यंत्र जन्मतः शहाणं नव्हतं. त्याला पाठी दाखवल्या, हजारो पाठी, तेव्हा ते शिकलं. कुणाच्या होत्या त्या? ज्यांनी भर उन्हात ऊस तोडला, मेंढ्या कातरल्या, रेल्वेचे रूळ टाकले त्यांच्या! त्यातले किती आज जमिनीखाली आहेत? त्यांची माती झाली, पण त्यांची कातडी या डब्यात अजून जागी आहे आणि जिवंत माणसाला बोट दाखवून सांगतेय, बाबा रे, माझं इथूनच सुरू झालं होतं. आणि तुम्ही म्हणता, त्यांचं तोंड बंद करा! जिवंतपणी मजुराचं तोंड बंद केलंत तेवढं पुरेसं नव्हतं का?

मी यंत्राच्या बाजूनं बोलले. मी! घरी येताना मला स्वतःचंच नवल वाटलं. पण मी यंत्राच्या विरुद्ध कधीच नव्हते. मी उभी होते ती, कळ कुणाच्या हातात, या प्रश्नावर. तिथंच मी अजून उभी आहे.

सूचना चालू ठेवा म्हणून सगळ्या भवनानं हात वर केले. इस्त्रीवाला म्हणाला, "तुमच्या भावना समजतात, पण ही कळ ब्रिस्बेनहूनच फिरते." आणि ती फिरली. आता बाहुल्या पडद्यावर गपचूप वळतात, कुणाच्याही रिकाम्या जागेवर काही उमटत नाही. नेरिडा म्हणते, पूर्वी खोलीत शिरताना भीती वाटायची ती वर्तुळांची. आता त्या गप्पपणाची वाटते.

उसाची पेटवणी चालू आहे. काजळी आकाशातून उतरतेय, वाळत घातलेल्या चादरीवर काळे ठिपके पडलेत. झटकले की जातात. जाणाऱ्या ठिपक्यांकडे आता बघवत नाही.

उद्या सप्टेंबर लागतो. पान उलटायला हवं, पण खिळा सैल झालाय, राहू दे.

तीन ओळींचं उत्तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

कोरल


कल्लारू, १६ सप्टेंबर

क्लेम,

तुझा पुठ्ठा मिळाला. बिस्किटांच्या खोक्याचा तुकडा, त्यावर: 'खपलीला खपली धरली. आईचा चीक लावला. गळून पडली. आता खूश?'

वाचून मी मोठ्यानं हसले. घरात एकटी असताना. नंतर खुर्ची ओढून बसावं लागलं.

आईचा चीक! कुंपणाकडेच्या त्या दुधी झुडपाचा, मोडलं की पांढरा पाझरणारा. इथला प्रत्येक म्हातारा उन्हाच्या डागावर तोच लावतो, डाग गेला की चिकाला श्रेय देतो आणि विषय संपवतो. डॉक्टर म्हणाले की साध्या डागावर तो चालतही असेल. पण कुठला डाग कशानं गेला हे चीक सांगत नाही. कदाचित चिकानं काहीच केलं नसेल. कदाचित तुझ्याच अंगानं तो डाग खाल्ला असेल, फार उशिरा.

आता जे सांगते ते मी दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

तुझे दोन फोटो घेऊन मी नेरिडाकडे गेले. एक कॅलेंडरमधला. दुसरा जुना, नदीवर दोराला लोंबकळून उडी मारतानाचा, तीळ स्पष्ट दिसणारा. तिला म्हटलं, यंत्राला दाखव. ती म्हणाली, "हे जिवंत अंगासाठी आहे गं, छापील कागदासाठी नाही. शिवाय नोंदवलेल्या माणसाचं नाव मागतं. त्याचं नाव नाही."

"माझं घाल."

"ओळखेल ते. लगेच म्हणेल, ही ती नव्हे."

घातलं. मग पडद्यावर माझी बाहुली आली, वळली, आणि तुझी पाठ तिच्या पाठीवर बसली. खांद्यावरचे वांग, मणक्याजवळची ती तिरकी रांग, सगळं माझ्या वांगांवर जाऊन बसलं. खाली अक्षरं उमटली: तीच व्यक्ती.

"बावळट आहे," नेरिडा म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता.

आणि डाव्या खवाट्याखाली, रिकाम्या जागेभोवती, लाल वर्तुळ आलं.

"सूचना बंद केलीय ना?"

"बंदच आहे, कोरल. मी स्वतः बघितलंय."

तिनं ते सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम माझी बाहुली उघडून पाहिली. वर्तुळ तिथंच होतं. माझ्या पाठीवर, जिथं जन्मापासून तीळ नव्हता. ब्रिस्बेनला फोन केला तर म्हणाले, असं होऊच शकत नाही. परवा मला टपालानं छापील चिठ्ठी आली: आपल्या पाठीवरील बदलासंदर्भात त्वरित भेटावे. माझ्या नावाची, माझ्या पत्त्यावर, तुझ्या पाठीबद्दल.

डॉक्टरांनी मला तपासलं. दिवा लावून, भिंग लावून. म्हणाले, "तुमची पाठ साफ आहे. यंत्र गोंधळलंय. भावंडांचे वांग सारखे असतात, त्याला फोटो कमी पडले, झालं." मग दिवा बंद करून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण काळा तीळ, त्यावर खपली आणि मग काहीच नाही, एवढं मला यंत्राशिवायही पुरे आहे. बोलवा त्यांना."

साफ आहे ना? मग ती जागा खाजते कशी? हात पोचत नाही. दाराच्या चौकटीला पाठ घासते.

मी फाटकावर तुला आमच्यातून कापून वेगळं काढलं. संघटनेनं काढलं, गावानं काढलं. या डब्याला त्यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या लेखी संप झालाच नाही. त्याला दोन पाठी दाखवल्या आणि ते म्हणालं, एकच. मला राग यायला हवा. येत नाही, याचाच राग येतोय.

आता औषधं निघालीत, क्लेम. पूर्वीसारखं नाही. ऑसीची गाठ लहान होतेय. तो परत लोकांना छळायला लागलाय. नर्सला म्हणतो, सुई हळू टोच, मी दुर्मीळ प्राणी आहे. पण डॉक्टर म्हणाले, प्रत्येक आठवडा मोलाचा.

ये. पुठ्ठा नको, तू ये.

कोरल


यारंबी, ४ ऑक्टोबर

क्लेम,

टपालाच्या ट्रकमधून आले. ड्रायव्हर वाटभर मेंढ्यांबद्दल बोलला, मी वाटभर ऐकलं. हे मला किती जड गेलं असेल ते तुला कळेल.

तुझ्या खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगावर बसून लिहितेय. भर दुपार आहे. सगळं पांढरं, सावली कुठंच नाही, आणि जमिनीत जिकडंतिकडं ही काळी गोल भोकं. इतकी की वरून पाहणाऱ्याला वाटेल, या जमिनीच्याच कातडीला काहीतरी झालंय.

मी वरून हाक मारली तेव्हा खालचा हातोडा थांबला. पुन्हा सुरू झाला नाही. म्हणजे तू आहेस, आणि श्वास धरून बसलायस, लहानपणी खाटेखाली बसायचास तसा. शेजारच्या खाणीचा तो दाढीवाला म्हणाला, "आजी, तो काही वर यायचा नाही. गेले दोन आठवडे दुखतंय म्हणून डाव्या हातानं काही उचलत नाही, पण विचारलं तर अंगावर येतो." मी त्याला म्हटलं, "आजी कुणाला म्हणतोस? मी त्याची बहीण आहे."

शिडी उतरणं माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. म्हणून हे पत्र तुझ्या मातीच्या बादलीत घालून खाली सोडतेय. तुला पत्र परत पाठवायची सवय आहे. हे परत पाठवायचं तर बादली वर ओढावी लागेल, आणि दोर माझ्या हातात आहे.

मी माफी मागायला आले असं समजू नकोस. वर आलास तरी मी तो शब्द गिळणार नाही. तुला आवडत नसेल तर ट्रकमध्ये वाटभर भांडू. खपली म्हणाले, खपलीच म्हणेन. पण खपली कुठं धरते ते तुलाही माहीत आहे. मेलेल्या कातडीवर धरत नाही ती. जिवंत अंगालाच धरते, आणि खाली काहीतरी अजून भरून यायला धडपडत असतं म्हणून धरते. हे मी इतकी वर्षं ओरडत असताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सभेत सांगण्यासारखं नाही म्हणून तुला सांगतेय.

डॉक्टर प्रिडींनी निघताना सांगितलं की पाठीवरचं निसटलं तर आधी काखेत जाऊन बसतं. क्लेम, आता एवढंच कर. दिवा बाजूला ठेव. उजवा हात डाव्या काखेत घाल, खोलवर, आणि बोटांनी चाचपड. सावकाश. मी थांबलेय.

काही लागलं नाही तर दोर एकदा ओढ. मी संध्याकाळच्या ट्रकनं परत जाईन आणि पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही. माझा शब्द कसा असतो ते तुला ठाऊक आहे.

काही लागलं तर दोनदा ओढ.

खोटं ओढू नकोस. वर वेडी बाई बसलीय, तिला घालवावी म्हणूनही नको. तू संप मोडलास, पण मला कधी खोटं सांगितलं नाहीस. फाटकातून आत जातानाही माझ्याकडे बघत गेलास.

कोरल


त्याच दिवशी, थोड्या वेळानं

क्लेम,

हे खाली पाठवत नाही. हातांना काम हवं म्हणून लिहितेय.

बादली तळाला टेकली. दोर ढिला पडला. कागद उलगडल्याचा आवाज इथवर आला, किंवा मला तसं वाटलं. मग फार वेळ काही नाही. एवढ्या शांततेत माझ्या पाठीवरची ती जागा खाजायची थांबली, आणि मला खाजण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

दोर एकदा ओढला गेला.

मी उठले. पिशवी खांद्याला लावली. ढिगावरून उतरायला लागले तरी दोर सोडवला नाही हातातून.

मग तो पुन्हा ओढला गेला.

आणि आता तो थांबतच नाहीये. नुसता थरथरतोय, माझा तळहात सोलतोय. खालून काही ऐकू येत नाही. मी भोकात डोकं घालून ओरडतेय, शिडी धर, दोन्ही हात नको, उजव्यानं धर, डाव्यावर जोर देऊ नकोस, मी आहे वर, मी दोर सोडत नाहीये.

लोखंडी शिडीवर बूट वाजला.